टाक्याची उलट बाजू

मराठी समीक्षेची परिभाषा ज्यांनी घडविली, त्यांनी ती बव्हंशी घरातून उचललेली आहे. कथेची वीण घट्ट असते किंवा सैल असते. कादंबरीचे धागे शेवटी जुळून येतात किंवा लोंबत राहतात. भाषेला पोत असतो. प्रसंग गुंफले जातात. अनुभव मुरावा लागतो. आणि संयमी लेखक आपल्या भावनेला मुरड घालतो, तीच मुरड जी गृहिणी करंजीच्या काठाला घालते. संस्कृत साहित्यशास्त्राची गोष्टही निराळी नाही. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्याच्या पाकाचे प्रकार फळांच्या नावांनी सांगितले आहेत. 'सूत्र' म्हणजे मुळात दोराच, आणि 'ग्रंथ' म्हणजे गुंफलेले, बांधलेले. परंतु याच समीक्षेला एखादे लेखन नापसंत करावयाचे झाले म्हणजे ती कोणते शब्द वापरते? 'ही निव्वळ कलाकुसर आहे', 'हे शब्दांचे भरतकाम आहे', 'येथे ठिगळ लावले आहे', 'अनुभव घरगुती पातळीवरचा आहे'. म्हणजे शेजारणीकडून भांडी उसनी आणावयाची आणि परत करताना ती कळकट म्हणून नाक मुरडावयाचे, असा हा व्यवहार झाला.

हा व्यवहार किती जुना आणि किती कृतघ्नपणाचा आहे, हे पाहावयाचे असेल तर 'ओवी' या शब्दापासूनच प्रारंभ केला पाहिजे. ओवी ही 'ओवणे' या क्रियापदाशी जोडली जाते. फुले ओवावीत, मणी ओवावेत, सुईत दोरा ओवावा, तसे शब्द ओवावेत. ज्या छंदात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी रचली गेली, त्या छंदाचे नाव असे सुईच्या नेढ्यातून आलेले आहे. या छंदाचा एक अत्यंत जुना साक्षीदार तर आमच्याच बाजूचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद केलेली आहे. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. ज्ञानेश्वरीच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी, कर्नाटकातील एका राजसभेत, संस्कृत भाषेत, मराठी स्त्रीच्या मुसळावरील गाण्याची दखल घेतली गेली. तीत राजाने दोन गोष्टी एका वाक्यात सांगितल्या आहेत: गाणे आणि काम. आपण पुढे गाणे ठेवून घेतले आणि काम वगळले. आमच्या मते मराठी गृहजीवनविषयक लेखनाच्या बऱ्याचशा अशक्तपणाचे मूळ या वगळण्यात आहे.

आमचे प्रतिपादन असे आहे की, शिवणटिपण आणि भाजणेरांधणे यांना स्वतःचे एक कडक शास्त्र आहे. आणि घराविषयी लिहिलेले वाङ्मय पारखावयाचे झाल्यास त्या शास्त्रातील कसोट्या प्रचलित कसोट्यांपेक्षा अधिक उपयोगी पडतात. हे सिद्ध करण्यासाठी आम्ही दूर जाणार नाही. आम्ही ज्या गावात मुले शिकविण्यात आयुष्य घालविले, त्या हुबळी-धारवाडातील हिवाळ्याकडे वाचकाने थोडे यावे, एवढीच विनंती आहे.

हा हिवाळा काही मोठा हिवाळा नव्हे. समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीचे हे पठार. पश्चिमेला मलनाडाची झाडी, पूर्वेला काळ्या रानाची उघडी सपाटी. मार्गशीर्ष-पौषात पहाटेचा पारा बारा-चौदा अंशांपर्यंत उतरला म्हणजे आम्ही कानाला मफलर गुंडाळतो. हिमालयातील माणसाने ऐकले तर हसेल. तथापि ऋतू हा अंशांनी मोजावयाचा नसून त्याने घरात काय बदलते यावर मोजावयाचा असतो. या दोन महिन्यांत घर आतल्या बाजूला सरकते. चूल ही केवळ रांधण्याची जागा न राहता बसण्याची जागा होते. ऊन अंगणात उशिरा येते आणि लवकर जाते. त्या उन्हाच्या पट्ट्यात सुई निघते. पेटीतली जुनी लुगडी गोधडीसाठी बाहेर येतात. शाळूचा हुरडा, ज्याला येथे सीतनी म्हणतात, शेताकडे बोलावतो. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी थापली जाते आणि दुसऱ्या दिवशी संक्रांतीला काळे वस्त्र नेसले जाते. एरवी अशुभ मानलेला काळा रंग या एका सणाला मानाचा होतो, कारण थंडीत तो ऊब देतो. त्या काळ्या चंद्रकळेवरच धारवाडची कसूती सर्वांत शोभून दिसते.

'कसूती' या शब्दाची फोड 'कै' म्हणजे हात आणि 'सूती' म्हणजे सूत अशी करतात. तिच्यात चार टाके आहेत: गवंती, मुर्गी, नेयगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे फुलीचा टाका, मेथीच्या दाण्यासारखा. नेयगी म्हणजे विणल्यासारखा धावदोरा. मुर्गी पायऱ्यापायऱ्यांनी चढते. आणि गवंती ही या सर्वांची राणी. कापडावर आधी नक्षी रेखाटावयाची नाही. कापडाचे उभेआडवे धागे मोजावयाचे आणि टाका घालावयाचा. एक धागा चुकला की पुढचे गोपूर कलते. गोपूर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर, शंख, पाळणा ही सारी चित्रे स्त्रिया स्मरणातून मोजीत काढतात. आमच्या इरकली लुगड्याच्या पदरावर आणि गुळेदगुडच्या खणाच्या चोळीवर ही चित्रे पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली. नेसणारी मराठी बोलते की कानडी, हे त्या हत्तीने कधी विचारले नाही.

गवंतीची रीत अशी की, सुई जाताना एक टाका वर घेते, एक खाली सोडते. जाताना काढलेली रेघ त्यामुळे तुटक दिसते. पाहणाऱ्याला वाटावे की कामात हयगय झाली आहे. मग त्याच वाटेने सुई परत येते आणि जाताना रिकाम्या सोडलेल्या जागा भरीत येते. परतीचा शेवटचा टाका पडला की रेघ अखंड होते, आणि कापड उलटले तरी तशीच अखंड दिसते. दोऱ्याला गाठ मारावयाची नाही. गंमत अशी की, 'गवंती' हा शब्द 'गंटु' म्हणजे गाठ या कानडी शब्दावरून आला असे सांगतात, आणि गाठ तेवढी तिच्यात नाही. एका वृद्ध शेजारीणबाईंनी केलेले काम आम्ही एकदा हाती घेऊन वाखाणू लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "मास्तर, अहो, वाखाणता काय वरूनच? उलटं करून बघा की आधी." चारही टाक्यांना हा नियम लागू नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गवंती आणि मुर्गी दोन्ही बाजूंनी सारख्या. नेयगी आणि मेंथी यांची उलट बाजू निराळी पडते. परंतु जाणती बाई परीक्षा घेते ती उलट बाजूनेच.

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात लयीची संवाद, विरोध आणि समतोल ही तीन तत्त्वे सांगितली. त्यांची उदाहरणे द्या म्हटले की विद्यार्थी लगेच संगीताकडे आणि चित्रकलेकडे धाव घेतात. वीतभर गवंतीत ही तिन्ही तत्त्वे हाताने चाचपून पाहता येतात: चौकोनामागून येणारा चौकोन हा संवाद, उभ्याआडव्या रेघांना छेदणारी तिरपी रेघ हा विरोध, आणि मधल्या पाकळीभोवती दोन्ही अंगांनी समान वाढणारी नक्षी हा समतोल. पण कसूती याहून एक गोष्ट अधिक मागते, आणि ती मर्ढेकरांच्या विवेचनात बसत नाही. मर्ढेकरांची लय सुलट बाजूची आहे. रसिकापुढे जे संघटित होऊन येते तेवढ्याशी तिला कर्तव्य आहे. दोरा मागून कसा गेला, रिकाम्या जागा कोणत्या वेळी भरल्या, गाठ कोठे दडविली आहे काय, हे ती विचारीत नाही. घराविषयी लिहिणाऱ्याला मात्र हेच विचारले पाहिजे. कारण घर ही अशी वस्तू आहे की जिची सुलट बाजू पाहुण्यांसाठी असते.

या कसोटीवर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' लावून पाहावी. १९३४ ते १९३७ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राची प्रशंसा नेहमी दोन शब्दांत केली जाते: विनोद आणि प्रांजळपणा. दोन्ही खरे, पण दोन्ही सुलट बाजूचे. पुस्तकाच्या आरंभी लक्ष्मीबाई आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाची हकीकत सांगतात. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात घ्यावयाचा नाही, या हट्टापायी घरातल्या माणसांचे काय हाल होत, हे त्या इतक्या हसत सांगतात की वाचक तो भाग एक विनोदी प्रकरण म्हणून बाजूला ठेवतो. हा जाताना घातलेला टाका. येथे जागा रिकामी सोडली आहे, हे त्या वेळी कळत नाही. पुढे १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती होतात. पतिपत्नींची ताटातूट होते. पुन्हा एकत्र संसार मांडला जातो, आणि त्या संसारात लक्ष्मीबाई स्वतःचे वेगळे सोवळे, वेगळे रांधणे पाळू लागतात. जे वेड वडिलांचे म्हणून हसण्यावारी नेले, तेच आता लेकीच्या हातात तवा आणि घागर होऊन आले आहे. आणि मग ते सोवळे जसजसे सुटत जाते, तसतशी पहिल्या प्रकरणातील रिकामी जागा भरत जाते. सुई परत आलेली असते. लक्ष्मीबाई मात्र येथे थांबून 'पाहा, माझे वडील आणि मी' असे एक वाक्यही लिहीत नाहीत. म्हणजे गाठ मारीत नाहीत. मराठी गद्यात धर्मांतरासारख्या प्रचंड घटनेचा इतिहास चुलीच्या अंगाने लिहिला गेला तो या एका ग्रंथात, आणि तोही अशा हाताने की उलट बाजू पाहावी तरी दोरा लोंबताना आढळू नये. ज्यांनी या ग्रंथाला 'साधा' म्हटले त्यांनी कापड उलटून पाहिले नाही, असेच आम्ही म्हणू.

याच्या शेजारी आमच्या तरुणपणी शाळाशाळांतून पढविला जाणारा लघुनिबंध ठेवावा. फडके, खांडेकर, काणेकर यांनी हा प्रकार मराठीत रुजविला, आणि घरातील क्षुल्लक वस्तूंना वाङ्मयात प्रवेश मिळवून दिला, हे त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु त्या निबंधांतून चहा बहुधा आपोआप येतो. सदऱ्याचे बटण तुटते तेव्हा त्यावर चिंतन होते. ते लावले जाते तेव्हा त्यावर एक ओळ नसते. आरामखुर्चीतून घर जसे दिसते तसे ते रेखाटले आहे, आणि त्या खुर्चीवरचे कशिद्याचे अभ्रे कोणी भरले, हा प्रश्न लेखकाला पडलेला नाही. ही सुलट बाजू सुरेख आहे, पण मागे गाठीच गाठी आहेत. प्रत्येक निबंधाच्या अखेरीस तात्पर्याची एक गाठ मारल्यावाचून त्या पिढीच्या हाताला चैन पडत नसे.

आता 'कलाकुसर' या शिवीकडे वळू. संक्रांतीच्या आधी आठपंधरा दिवस धारवाडच्या घरांतून पहाटेच्या वेळी हलवा होत असे. काही घरांतून अजूनही होतो. शेगडीवर मंद निखारे, त्यावर परात, परातीत तीळ किंवा खसखस, आणि हाती एकतारी पाकाची वाटी. पाक चमच्याने थेंबथेंब घालावयाचा आणि बोटांनी दाणे सतत फिरवीत राहावयाचे. आच वाढली तर साखर विरघळते, कमी पडली तर गोळा होतो. हवा दमट असली तर काटा येतच नाही. म्हणून ऐन थंडीचे दिवस आणि पहाटेची वेळ. एका दिवसात हलवा पुरा होत नाही. पुटावर पूट चढते, तेव्हा कोठे दाण्याला बारीक, सरळ, पांढरा काटा फुटतो. बोटांची टोके या कामात पोळून निघतात. मग याच दाण्यांना दोऱ्यात ओवून, काळ्या कापडावर टाचून, नव्या सुनेसाठी हार, तन्मणी, बाजूबंद आणि बोरन्हाणाच्या बाळासाठी मुकुट, बासरी होते. स्वयंपाक आणि सुई यांची गाठ पडते ती या दागिन्यांत.

या हलव्याला आमच्या कानडी शेजारणी 'कुसुरेळ्ळु' म्हणतात. 'एळ्ळु' म्हणजे तीळ, आणि 'कुसुरि' म्हणजे बारीक कलाकाम. मराठीतील 'कुसर' ध्वनीने आणि अर्थाने तिच्या इतकी जवळ आहे की दोघींचे घराणे एकच असावे, असे वाटल्यावाचून राहत नाही. म्हणजे कानडी स्त्रीने तिळावरच्या काट्याला तोच शब्द दिला, जो आपण कलेच्या पुढे जोडून शिवी म्हणून वापरतो. काटा वरून चिकटवता येत नाही. दाण्याभोवती साखर फिरत राहिली, आच आणि थंडी यांचा तोल राहिला, तर तो आतून बाहेर येतो. ज्या लेखनातील अलंकार असे आलेले असतात त्याला 'कुसर' म्हणावे, आणि जेथे ते वरून डकविलेले असतात तेथे दुसरा शब्द शोधावा. मराठीत अशा शब्दांचा तोटा नाही.

भाकरीच्या बाबतीत मराठी वाङ्मय इतके दरिद्री नाही, आणि त्याचे कारण बहिणाबाई चौधरी. १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली, त्यापूर्वीच्या वर्षी कवयित्री निवर्तल्या होत्या. त्यांच्या तव्याच्या सुप्रसिद्ध प्रतिमेत समीक्षकांनी संसाराचे तत्त्वज्ञान पाहिले. ते तेथे आहेही. परंतु आम्हांस त्या ओळींत आधी दिसते ती कामाच्या क्रमाची अचूकता. भाकरी थापून तव्यावर टाकावी, वरच्या अंगाला पाणी फिरवावे, ते सुकू लागताच उलटावी, मग निखाऱ्यावर धरून फुगवावी. या क्रमात चटका कोठे बसतो, हे जिला हाताने ठाऊक आहे तीच प्रतिमेत तो योग्य जागी ठेवते. तत्त्वज्ञान त्या अचूकतेतून आपोआप फुगून वर आले आहे, पापुद्रा सुटावा तसे. सुगरणीच्या घरट्यावरील त्यांची कविता घ्या. पक्षी विणकाम करणारा, आणि मराठीने त्याला नाव दिले ते उत्तम स्वयंपाक करणारणीचे. भाषेने हे दोन्ही हात केव्हाच एक मानलेले आहेत. बहिणाबाईंना ते शोधावे लागले नाही.

आमच्या भागात जोंधळ्याची पातळ, कडक भाकरी करून ठेवतात, ती आठवडेच्या आठवडे टिकते. कारळ्याची चटणी, म्हणजे येथील गुरेळ्ळु, आणि दही यांच्याबरोबर ती मोडून खावी. (धारवाडचा पेढा जगभर गेला, त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले, पण पेढा हा दुकानाचा, भाकरी घराची, हा भेद धारवाडकर विसरत नाही.) आमच्या ओव्यांचे संग्रह पाहून आम्हांला कधी कधी या कडक भाकरीची आठवण होते. साने गुरुजींचे 'स्त्रीजीवन' असो, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीमार्फत केलेले अफाट काम असो, दुर्गाबाई भागवतांची 'लोकसाहित्याची रूपरेखा' (१९५६) असो, या मंडळींचे ऋण फिटणारे नाही. त्यांनी ओवी टिकविली. परंतु टिकविण्यासाठी तिच्यातील ओल काढावी लागली. माहेर, सासर, भाऊ, लेक अशा विषयवारीने ओव्या लावल्या गेल्या, आणि ती ओवी दळताना म्हटली की कांडताना, पहाटे म्हटली की तिसऱ्या प्रहरी, दोघींनी मिळून की एकटीने, हे बऱ्याच ठिकाणी गळून गेले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रकल्प उभारला, आणि ज्यात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्यात गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव जपले गेले. सोमेश्वराने नोंदविलेले काम आणि गाणे पुन्हा एकमेकांशेजारी बसले ते तेव्हा.

'ठिगळ' हा आणखी एक असाच शब्द. गोधडी, वाकळ किंवा येथील कौदी पाहून कोणी तिला विसंगत म्हणत नाही. उलट तिच्यातील जुन्या लुगड्यांचे तुकडे कोणाकोणाचे, हे सांगण्यातच तिची अर्धी ऊब असते. धारवाडच्या पश्चिमेस आणि दक्षिणेस हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाजाच्या वस्त्या आहेत. हे लोक मूळचे आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज, आणि त्यांच्या बोलीत कोंकणी-मराठीचा अंश मोठा आहे. त्यांच्या स्त्रिया जी गोधडी करतात तिला कवंद म्हणतात. एका कोपऱ्यातून प्रारंभ करून कडेकडेने धावदोरा घालीत त्या मध्यभागाकडे येतात, आणि शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांचे त्रिकोणी 'फुला' जोडतात. फुलांवाचून कवंद उघडे, असे त्या मानतात. ज्या कादंबरीला आपण 'ठिगळ लावलेली' म्हणतो तिला या बाईपुढे नेले तर ती विचारील, की तुकडे आहेत हे ठीक, पण दोरा कोणत्या दिशेने फिरला आहे?

आमच्या घरांची मराठीही अशीच कौदी आहे. धारवाडच्या मराठी माणसाचे बोलणे ऐकून पुण्याचा पाहुणा गालात हसतो, कारण त्यात कानडी तुकडे उघड दिसतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले; १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. सीमेचा वाद ज्यांना लढवावयाचा त्यांनी लढवावा. आम्ही येथे एवढेच नोंदवितो की, स्वयंपाकघरातून ती सीमा गेली नाही. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, आणि ते झाले कन्नडचे थोर कवी. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार 'नाकु तंती'च्या कवीला मिळाला, तेव्हा धारवाडातील दोन्ही भाषांच्या घरांतून साखर वाटली गेली असेल तर त्यात नवल नाही. उलट अंगाने, मराठी कथेचे शिखर मानले जाणारे जी. ए. कुलकर्णी येथेच इंग्रजीचे अध्यापन करीत राहिले. 'निळा सावळा' (१९५९) पासून 'काजळमाया' (१९७२) पर्यंतचे त्यांचे संग्रह याच गावच्या वास्तव्यातले. पण जी. एं.चे घर हे नियतीच्या प्रवेशाचे दार आहे. तेथे दिवा लागतो तो विझण्यासाठी, आणि वस्त्र असते ते फाटण्यासाठी. त्यांच्या प्रतिभेचा तो धर्म होता. त्याबद्दल तक्रार करणे म्हणजे वादळाने पापड वाळविले नाहीत म्हणून रुसण्यासारखे आहे. मात्र यामुळे एक जागा रिकामी राहिली. धारवाडच्या मराठी घराला, त्यातील सुईला आणि शेगडीला, त्यांच्या तोलाचा गद्यलेखक लाभला नाही. जाताना सोडलेला हा टाका आहे. परतीची सुई अजून यावयाची आहे.

ती येण्याची चिन्हे फारशी नाहीत, हे सांगणे भाग आहे. कसूतीला भौगोलिक मानांकन मिळाले, प्रदर्शनांतून ती मिरवू लागली, आणि त्याच वेळी यंत्राने भरलेली कसूती हुबळीच्या बाजारात हाताच्या कसूतीपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळू लागली. सुलट बाजूने दोहोंत फरक सांगणे कठीण. उलटताच खालच्या रिळाचा दोरा यंत्राची चहाडी करतो. वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून संक्रांतीच्या सुमारास येणारे 'आजीच्या हातच्या' पदार्थांवरील लेख आम्ही नेमाने वाचतो, आणि प्रत्येक वेळी आम्हांला तो खालचा दोरा दिसतो. आजीच्या हाताला चव होती, हे सर्व सांगतात. त्या हाताची बोटे हलव्याने पोळली होती की नाही, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत ती किती वाजता उठत होती, तिला कसूती आवडत होती की सासूने बसविली म्हणून ती करीत होती, हे कोणी विचारीत नाही. आठवणीचा गोडवा हा कच्चा पाक आहे. त्यावर काटा येत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही आमच्या शाळेतील वरच्या वर्गाच्या मुलामुलींना नाताळच्या सुटीत एक काम सांगितले. घरातील वडीलधाऱ्या बायकांपाशी बसून शिवण्याचे आणि चुलीपाशी वापरण्याचे शब्द लिहून आणावेत, मात्र शब्दाबरोबर ते काम हाताने कसे करतात तेही लिहावे. पूर्वी शिवण हा विषय वेळापत्रकात असे, त्याची परीक्षा होई, आणि रुमालाच्या कडेची हातशिलाई तपासताना बाई तो उलटून पाहत. तो तास जाऊन बरीच वर्षे झाली. मुलांनी आणलेले शब्द एका जाड वहीत उतरविले आहेत. नेढे, टीप, हेम, उसवण, रफू हे अपेक्षेप्रमाणे आले. काहींनी शब्द मराठी आणि लिपी कानडी असे लिहून आणले, कारण घरी मराठी बोलणाऱ्या या मुलांचा हात कानडी अक्षरांवर अधिक बसलेला आहे. एका मुलीने 'गवंती' लिहून त्यापुढे टाका घालण्याची रीत चित्रासह दिली, आणि शेवटी लिहिले की, हे अज्जीने सांगितले नाही, तिने करायला लावले.

दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि १९५० मध्ये पुरवणी आली. त्यानंतर आमच्या भागातील घरकामाच्या शब्दांची पद्धतशीर मोजणी करावी असे कोणत्याही वाङ्मयीन संस्थेने मनावर घेतलेले आमच्या पाहण्यात नाही. गवंती आणि मुर्गी मराठी कोशात घ्याव्यात की नाहीत, कुसुरेळ्ळु हलव्याखाली द्यावा की स्वतंत्र, 'कौदी' हा शब्द कोणत्या तालुक्यापासून सुरू होतो आणि 'वाकळ' कोठे संपते, हे प्रश्न अकादमीच्या कोशसमितीने विचारात घेण्याजोगे आहेत. वही आमच्या शाळेत आहे. शब्द लिहून देणाऱ्या बायकांपैकी बहुतेक सत्तरीच्या पुढच्या आहेत, आणि त्यांना भेटावयाचे असल्यास डिसेंबर-जानेवारीत, सकाळी नऊच्या पुढे, अंगणात ऊन आल्यावर यावे.